परिशिष्टातला सहावा तलाव

गुढियारी, रायपूर
१२ जून

प्रिय दीक्षा,

सप्रेम जय भीम. रविवारी तू जेवलीस, ताट उचललंस आणि नळाखाली हात धुता धुता सांगून टाकलंस की तीस तारखेला पीएच.डी. सोडल्याचा अर्ज देणार. मी नुसती मान डोलावून हव म्हणालो. तुला वाटलं असेल, या माणसाला पोरीचं काही पडलेलंच नाही. नवा रायपूरची बस हुकली तर पुढचीचा काही भरवसा नसतो, म्हणून तू घाईघाईनं निघून गेलीस. त्याला चार दिवस झाले, माझा जीव थाऱ्यावर नाही. फोन केला असता, पण फोनवर तू हिंदीत बोलतेस, आणि हिंदीत बोलायला लागलो की माझ्यातला दुकानदार जागा होतो. हो जाएगा, देख लेंगे, असं म्हणून तो कोणालाही वाटेला लावतो. तुला तसं वाटेला लावायचं नाही, म्हणून लिहून राहिलो. आईनं खपून तुला मराठी वाचायला शिकवलं, ते आज कामी येऊ दे.

तुझं दुखणं मला नीट समजलं का, ते आधी सांगतो. उन्हाळ्यात कोणत्याही तलावाच्या पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि पहाटे मासे तोंड वर काढून धडपडतात. आपल्या मालधक्क्यामागच्या तलावाचं मात्र उलटं आहे, असं तेवीस वर्षांपूर्वीच्या एका थीसिसात छापलेलं आहे. तिथे म्हणे एप्रिल, मे, जूनमध्ये प्राणवायू वाढतो. तुझे गाईड पुष्कर सर त्यावर दोन-तीन लेख लिहून बसले आहेत, की तळाशी झरा असेल, नाहीतर वेगळ्या जातीचं शेवाळ असेल. कारण शोधून काढ म्हणून त्यांनी तो तलाव तुझ्या गळ्यात बांधला. तू दोन उन्हाळे पहाटे काठावर जाऊन बाटल्या भरल्यास. थीसिसात मे महिन्याला ७.६ आहे, तुला मिळतो २.९. सर म्हणतात तुझा हात चुकतो, तिसरा उन्हाळा कर, नाहीतर सोडून दे. तू दुसरं यंत्र आणून पाहिलंस, दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घेतलंस, आकडा तोच. तरी रविवारी तू म्हणालीस, माझ्यात बहुतेक ते काम करायची अक्कलच नाही. लहानपणापासून एकदाही तू असं बोलली नव्हतीस. ते वाक्य काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

तू दुकानात वाढलीस, म्हणून तुला त्याचं काही वाटत नाही. पण विद्यापीठाच्या गेटासमोरच्या त्या खोलीत मी अठ्ठावीस वर्षांत साडेचारशेच्या वर थीसिस टाइप केले, आणि कशाकशावर म्हणून विचारशील तर हसशील. धानाला लागणारी गंगई कीड. बायकांच्या सुवा गीतांमधली सासुरवाशीण. तोतरं बोलणारी मुलं. ताम्रपटांवरची अक्षरं. बिडी वळणाऱ्या बायकांच्या पाठी. एका वाणिज्यवाल्या भैयानं चारशे वीस पानं लिहून असं सिद्ध केलं की सहकारी बँकेचे ग्राहक साधारणपणे समाधानी आहेत. एक गणिताचे सर होते, त्यांचा थीसिस बासष्ट पानांचा, आणि त्यातल्या चिन्हांनी माझा महिना खाल्ला. हे सगळे एकाच बाकावर आपल्या पानांची वाट बघत बसत. गंगईवाला ताम्रपटाच्या बाईंना अळीचं पोट समजावून सांगायचा, बाई तोंडावर पदर घेऊन बसायच्या. प्रत्येकाला खात्री होती की आपला विषय थांबला तर देश थांबेल, आणि शेजारच्याचा विषय म्हणजे नुसता टाइमपास. मी एकटा असा होतो ज्यानं ते सगळं अक्षर अन् अक्षर वाचलं, आणि मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. आभाराचं पान तेवढं कळायचं. ते सगळ्यांचं सारखंच असायचं, नवऱ्याचे आभार, सासूचे आभार, गाईडच्या बायकोनं पाजलेल्या चहाचे आभार.

विज्ञानाला काळं रेक्सिन, कलाशाखेला मरून, पाठीवर सोनेरी अक्षरं, प्रत्येकाच्या पाच प्रती. टायपिंग मी करायचो आणि बांधणी तुझी आई. मैद्याची लेई तीच शिजवायची, पुठ्ठ्याला रेक्सिन तीच चिकटवायची. लेई टेबलाला लागू नये म्हणून खाली वाया गेलेली पानं अंथरायची आमची पद्धत होती, त्यासाठी एक रद्दीचा गठ्ठा कायम टेबलाखाली असायचा. तू त्या गठ्ठ्यावर बसून चित्रं काढायचीस. मला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडावं लागलं होतं, तुझे आजोबा रेल्वेत गँगमन होते आणि खाणारी तोंडं सात. त्यामुळे सोनेरी अक्षरांत कोणाचंही आडनाव दाबताना मला थोडं लागायचं. माझी एकच शेखी होती, की धर्मपालच्या टायपिंगमध्ये आकडा चुकत नाही. शब्द चुकला तर वाचणाऱ्याला कळतं. आकडा चुकला तर कोणालाच कळत नाही, म्हणून आकडा दोनदा बघायचा. हे मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवलं की विद्यापीठात ते माझ्या नावानंच चालायचं.

आता निरंजन सरांचं सांगतो. ते तुला पुसटसे आठवत असतील, तू चार वर्षांची होतीस. तात्यापाऱ्यात राहायचे, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, आणि तो तेवीस वर्षांपूर्वीचा थीसिस त्यांचाच. शहरातले सहा तलाव त्यांनी वर्षभर मोजले होते. दुकानात यायचे ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायाला चिखल. बाकीचे मला ए टाइपिंग म्हणून हाक मारायचे, हे धर्मपालजी म्हणायचे, आणि मराठीत बोलायचे. तुझ्यासाठी गोगलगायींचे शंख आणायचे खिशातून. त्यांची टिपणं हिरव्या शाईत, इतकी स्वच्छ की टाइप करायला मजा यायची. बाकावर बसून मला तलाव समजावून सांगायचे, थंडीत पाणी कसं असतं, उन्हाळ्यात त्याचं काय होतं. मी मान हलवायचो आणि डोळे पानावर ठेवायचो. मला तो माणूस फार आवडायचा.

थीसिस जमा करायला आठवडा उरला होता आणि वर्ध्याहून निरोप आला की त्यांची आई गेली. सगळ्या सह्या आधीच झालेल्या होत्या. टाइप करायचे शेवटचे कागद त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले. तेरवीपर्यंत मी येऊ शकत नाही, तारखेला तुम्हीच जमा करा, म्हणाले. तपासायचं काही राहिलं नाही, तुम्ही आहात ना, असंही म्हणाले. मी तारखेला जमा केला. परिशिष्टासकट, पाच प्रती, काळं रेक्सिन. पुढे त्यांची डिग्री झाली तेव्हा पेढे घेऊन आले आणि दुकानातल्या सगळ्यांसमोर म्हणाले की परीक्षकांना टायपिंगची एक चूक सापडली नाही. मी पेढा घेतला.

त्याच वर्षापासून तुझी आई दुकानात यायची बंद झाली. तू शाळेतून आलीस की विचारायचीस, आई काहून येत नाही, आणि मी सांगायचो की तिची कंबर धरते. तिच्या कमरेला काहीही झालेलं नव्हतं. ती घरी फॉल-पिको करायला लागली. माझा डबा ती शेजारच्या सुनीती काकूंच्या हाती पाठवायची, स्वतः कधी त्या फुटपाथवरही आली नाही. आमच्यात भांडण म्हणावं असं काही नव्हतं. ती वेळेवर जेवायला वाढायची, आजारपणात पाय चेपायची. पण मी एखादा नवा बांधलेला थीसिस घरी आणला की उठून आतल्या खोलीत जायची. शेवटी दवाखान्यात होती तेव्हा तिनं मला एकच गोष्ट विचारली, तात्यापाऱ्यात जाऊन आले का म्हणून. जाईन म्हणालो. निरंजन सर त्याच्या आदल्या वर्षीच कोरोनात गेले होते. ते मी तिला सांगितलंच नाही.

मधली वर्षं कशी गेली ते ऐक. सरांच्या थीसिसानंतर सात वर्षांनी एक हडकुळा पोरगा स्कूटरवर आला, त्याचा थीसिस टाइप करून घ्यायला. तेच तुझे पुष्कर सर. त्यांना लायब्ररीत निरंजन सरांच्या थीसिसाचं परिशिष्ट सापडलं होतं. मागच्या पानांमधला तो सहावा तलाव, ज्याच्याबद्दल सरांनी आतल्या प्रकरणांत फारसं लिहिलंच नव्हतं, नुसता तक्ता दिला होता. पुष्कर सरांनी त्यावर अख्खं प्रकरण केलं. मला म्हणाले की मी निरंजन सरांना घरी जाऊन विचारून आलो, उन्हाळ्यात आकडे इतके कसे वाढले. सरांच्या वह्या तोवर घर बदलताना रद्दीत गेल्या होत्या. सर त्यांना म्हणाले, धर्मपालजींनी टाइप केलं आहे ना, मग बरोबरच असणार, तो माणूस आकडा चुकत नाही. हे ऐकून मी पुष्कर सरांकडे पंखा फिरवला, चहा मागवला आणि ७.६ पुन्हा टाइप केला.

तिथून तो तलाव विषयांविषयांतून हिंडायला लागला. मत्स्यशास्त्राच्या एका थीसिसात आला, की इथे उन्हाळ्यातही मासे वाढवता येतील. भूगोलाच्या मुलीनं त्याच्याखाली झरा असल्याचा नकाशा काढला. समाजशास्त्राच्या एका मॅडमनी लिहिलं की वस्तीतले लोक उन्हाळ्यात त्याच तलावावर जातात, कारण तिथलं पाणी चांगलं असतं हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अगं, त्या वस्तीत आपणच राहतो. लोक तिथे जातात कारण मे महिन्यात नळाला पाणी नसतं. या तिघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं, आणि तिघांचेही थीसिस मीच टाइप केले. प्रत्येक वेळी तो आकडा समोर यायचा आणि मी नियमाप्रमाणे दोनदा बघून टाकायचो.

तीन वर्षांपूर्वी तू पेढे घेऊन आलीस. आईला जाऊन आठ महिने झाले होते. माझा विषय ठरला, म्हणालीस, आणि आपल्याच घरामागचा तलाव मिळाला म्हणून हरखून गेली होतीस. मी पेढा घेतला आणि आईच्या फोटोसमोर नेऊन ठेवला. तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास, तुला वाटलं आईची आठवण आली. आठवण आलीच होती, पण तू समजलीस त्या कारणानं नव्हे. दुकानाचं विचारत असतेस तर तेही सांगतो. आता सगळे आपापल्या लॅपटॉपवर लिहितात, मे महिन्यात बांधणीची फक्त चार कामं आली. बाकावर कोणी बसत नाही. रिकाम्या दुकानात बसून बसून मी हे पत्र मनात किती वेळा लिहिलं असेल, त्याचा हिशोब नाही.

तर बेटा, तो ७.६ माझा आहे. तलावानं तो कधी दिला नाही आणि निरंजन सरांनी कधी लिहिला नाही. सर वर्ध्याला गेल्यावर सहाव्या तलावाचे शेवटचे तीन कागद, एप्रिल, मे आणि जूनचे, टेबलाच्या कडेला होते. दुपारी घाईत मीच ते रद्दी समजून लेईखाली अंथरले. पुठ्ठा उचलला तर तिन्ही कागदांचा एक लगदा, हिरवी शाई सगळीकडे. तारखेला दोन दिवस होते. वर्ध्याला फोन करता आला असता. मी केला नाही, कारण हा माणूस लोकांच्या संशोधनावर लेई फासतो हे सरांना कळलं असतं. मी तक्ता पाहिला. जुलैपासून मार्चपर्यंत आकडे चढत आले होते. ऊन वाढतं तसं सगळंच वाढत असेल असं मला वाटलं आणि मी ते तसेच चढवत नेले, ७.२, ७.६, ७.९. परिशिष्ट कोण वाचतं, असाही विचार केला. महिन्याभरानं तुझ्या आईनं एक कागद माझ्यासमोर ठेवला. तो लगदा मी फेकला होता, तिनं उचलून घरी नेला होता. ओल्या फडक्यानं एक एक पदर सोडवत तिनं मधला कागद सुटा केला होता आणि पत्र्यावर वाळवला होता. तिला वाचता येईल इतकी अक्षरं उमटली होती. सरांची तोंडी परीक्षा अजून व्हायची होती, एक शुद्धिपत्र चिकटवून काम झालं असतं. सरांकडे जा आणि सांगा, म्हणाली. मी तिच्यावर असा ओरडलो की तसा आयुष्यात परत कधी ओरडलो नाही. कागद जाळून टाक म्हणालो. तिनं तो जाळला नाही, आणि दुकानात पाय ठेवला नाही.

ती गेल्यावर तो कागद मला तिच्या पेटीत सापडला, तुझ्या शाळेच्या निकालपत्रांखाली. म्हणजे तुझा विषय ठरला त्या दिवशीही तो माझ्याजवळ होता, आणि तुझे दोन्ही उन्हाळे मी तो दाबून बसलो. का, म्हणून विचारशील. तू पण उठून आतल्या खोलीत जाशील, ही भीती वाटली. दुसरं काही कारण नाही. हे पत्र त्यासाठीच लिहिलं. सोबत नोटरीकडून करून आणलेलं माझं शपथपत्र आहे, त्यात निरंजन सरांचा यात काही दोष नाही हे मी दोन ठिकाणी लिहिलं आहे. पुष्कर सर म्हणतील की बाप पोरीसाठी खोटं बोलून राहिला, म्हणून तो कागदही पाठवतो. त्यांनी सरांचं हस्ताक्षर पाहिलेलं आहे, ते ओळखतील. त्यांना हे जड जाईल, त्यांची पंधरा वर्षं त्यावर उभी आहेत, तरी तू मला वाचवायला जाऊ नको. विद्यापीठात ज्याला ज्याला सांगावं लागेल त्याला माझं नाव सांग. माझ्याकडे यावंसं वाटलं नाही तर येऊ नको, मी तुला फोन करून छळणार नाही. फक्त तीस तारखेला तो अर्ज देऊ नकोस. आईनं सोडवलेला कागद फाटका आहे, प्लॅस्टिकमधून काढू नको, पण मे महिन्याची ओळ वाचता येते. तिथे ३.१ लिहिलेलं आहे. तू दोन्ही उन्हाळे बरोबर मोजलंस.

तुझाच,
बाबा